थर्ड शिफ्ट करून आल्यावर दिवसा झोपायचं कसं

चाकणला कंपनीत आहे, दर तिसऱ्या आठवड्याला थर्ड शिफ्ट, रात्री 11 ते सकाळी 7. सुरुवातीला मी घरी आलो की पोहे-चहा हाणायचो आणि आडवा व्हायचो, अंग पार मोडलेलं असायचं पण साडेअकराला डोळे टक्क उघडे, मग दिवसभर घरच्यांवर चिडचिड. झोप नेमकी चालते कशी ते समजलं तेव्हा कुठं जमायला लागलं.

जागरण वाढत जातं तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं डोळे जड होतात, झोपलं की ते उतरतं. ही झाली एक गोष्ट. दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, तो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्र ठरवतो. पहाटे 4-5 ला अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं, लाईनवर त्याच टायमाला सगळ्यांच्या माना पडतात बघा. (हे घड्याळ पेशींतल्या जनुकांवर कसं चालतं ते केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांवर शोधून तिघांनी 2017 चं नोबेल नेलं.) आता आपण सकाळी 8 ला झोपतो तेव्हा अ‍ॅडेनोसिन म्हणतं झोप आणि घड्याळ म्हणतं ऊठ, तीन-साडेतीन तासांनी अ‍ॅडेनोसिन बरंच उतरलं की घड्याळाचंच चालतं. माझं साडेअकराचं कोडं हेच होतं.

म्हणून पहिलं काम उजेड तोडायचा. कंपनीच्या बसमध्ये बसलो की मी काळा गॉगल आणि टोपी, पोरं हसतात, हसू देत. पण स्वतः बाईक चालवत असाल तर गॉगलच्या नादी लागू नका, आधीच पेंग असते, उलट कंपनीतच वीस मिनिटं डुलकी काढा, तोंडावर पाणी मारा आणि मग निघा. घरी खिडकीला नुसता पडदा पुरत नाही, मी जुनी गोधडी टांगतो, हात समोर धरला तर दिसला नाही पाहिजे इतका अंधार.

चहा. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे 5 चा कॅन्टीनचा चहा सकाळी 10 ला अजून अर्धा आत आहे. माझा शेवटचा चहा 2 ला. पहाटे लय जड जातं, मग गरम पाणी पितो आणि दोन चकरा मारतो. काहीजण सकाळी एक पेग मारून झोपतात, झोप लागते पटकन पण नंतर सारखी तुटते, त्यात दम नाही.

आवाजाचं मात्र अवघड आहे. घंटागाडीचं गाणं, वरच्यांचा कुकर, भंगारवाला, सगळे 9 ते 11 मध्येच. पंखा फुल, कानात बोळे, बेलचं बटण बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. घरच्यांना स्पष्ट सांगा की माझी ही रात्र आहे, रात्री दोनला कुणी सिलेंडरची पावती विचारायला उठवतं का?

एवढं करूनही सलग सात तास नाहीच होत, मग मी तुकडे करतो. सकाळी 8 ते 1 आणि निघायच्या आधी संध्याकाळी दीड तास, कारण झोपेचं एक चक्कर साधारण 90 मिनिटांचं असतं. हा हिशोब चुकवू नका, गाढ झोपेत ग्रोथ हार्मोन सुटतं, अंगाची डागडुजी होते, दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होतं, आणि झोप सारखी कमी पडली की इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शुगरवाल्यांनी तर जास्तच सांभाळायचं.

आठवड्याच्या शेवटच्या नाईटनंतर उलटं करायचं, सकाळी फक्त तीन तास झोपायचं, मग गोधडी काढून उन्हात बाहेर पडायचं, भाजी आणा, पोरांना घेऊन फिरा, काहीही, फक्त दुपारी परत लवंडू नका. रात्री 10 ला अशी झोप लागते की वरच्यांनी मिक्सर लावला तरी फरक पडत नाही.