गल्लीतल्या दुकानातनं सामान आणताना डोकं तापू नये म्हणून

महिन्याचं सामान आम्ही बेळगावच्या खडेबाजारातनं एकदम भरतो, पण रोजचं म्हणजे दूध, अर्धा किलो साखर, पाहुणे आले की थंड बाटली, हे सगळं शहापुरातल्या आमच्या गल्लीतनंच येतं, आणि दोन रुपये जास्त घेतले, वजन कमी भरलं, कालचं दूध दिलं असल्या बारक्या गोष्टींवरनं घरात रोज कुणाचं तरी डोकं फिरलेलं असायचं. दुकानदार पण आपलेच की, सकाळ संध्याकाळ तोंड बघायचंय, भांडून कसं चालेल. म्हणून मी काय करत आलोय ते लिहितो, निपाणी, खानापूर, संकेश्वर कुठंही असा, उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जे बोलायचं ते पैसे द्यायच्या आधी. एकदा पैसे गल्ल्यात गेले की मग तो वाद होतो, आधी विचारलं तर नुसतं विचारणं असतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती थंड बाटलीला. छापील किंमत 20 आणि मागतात 22, विचारलं तर म्हणे फ्रिजचं लाइट बिल. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि दुकानदाराला त्याच्या वर एक रुपया पण घेता येत नाही, थंड करून दिलं तरी नाही, वजनमापाच्या 2011 च्या नियमांत तसं आहे. हॉटेलात बसून घेतली तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं टेबलाची, वाढण्याची सोय धरून जास्त लावता येतात, 2017 ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय. दुकानात मी बाटली हातात घेतो, किंमत मोठ्यानं वाचतो, "मामा, वीस ना हे?" आणि बरोबर वीसच पुढं करतो. दहातल्या आठ वेळा तिथंच विषय संपतो. नाहीच ऐकलं तर बाटली परत ठेवून पुढच्या दुकानात जायचं. तरी कुणी रोजच तसं करत असेल तर बिल मागून घ्या, बाटलीचा फोटो काढा आणि 1915 ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे ती. मी एकदाच लावला, पण लावला.

पाण्याच्या बाटलीचं अजून वेगळंच. 22 सप्टेंबर 2025 पासनं त्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरनं 5 वर आला, काही कंपन्यांची लिटरची 20 ची बाटली 18 ला छापून यायला लागली, पण सवयीनं सगळे वीसच देतात आणि वीसच घेतात. बाटलीवरचा आकडा बघत जा, एवढंच.

आता सुट्ट्या पैशांचं. चिल्लर हा शब्द कन्नडमध्ये पण जवळजवळ तोच, चिल्लरे, आणि "चिल्लरे इल्ला", म्हणजे सुट्टे नाहीत, हे वाक्य कानडी न येणाऱ्या माणसाला पण पाठ झालेलं असतंय. दोन रुपयांच्या बदल्यात चॉकलेट देतात ते घ्यायची सक्ती नाही, "वहीत लिहून ठेवा, उद्या वळते करू" म्हणायचं, ओळखीचा दुकानदार ऐकतो. दहाचं नाणं आपल्याकडं बरेच दुकानदार घेत नाहीत, का तर चालत नाही म्हणे. रिझर्व्ह बँकेनं 2018 लाच सांगितलंय की दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलं पण आणि नसलेलं पण. पेट्रोल पंपवाल्यांनी माझ्याकडनं ती बिनतक्रार घेतलीत, म्हणून मी तिकडं खपवतो.

आणि स्कॅनर झाकून "कॅशच द्या" म्हणणाऱ्यावर लगेच चिडू नका. जुलै 2025 मध्ये यूपीआयची उलाढाल बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, दूध आणि भाजी विकणाऱ्यांना पण आल्या, ती भीती अजून आहे. खिशात शंभरच्या आत थोडे सुट्टे ठेवले की हा प्रश्न राहत नाही.

वजनाकडं मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं. काटा तुमच्याकडं तोंड करून पाहिजे आणि माल ठेवायच्या आधी त्यावर शून्य दिसलं पाहिजे. कानडी दुकानदार असेल तर "तूक नोडरी", म्हणजे वजन बघा, म्हणा, हसत म्हणा. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेताना तर हे हमखास करा. मी एकदा रिकामा बॉक्स ठेवायला लावला तर 48 ग्रॅम भरला, कुंदा किलोला 500 धरला तर 24 रुपयांचा पुठ्ठा झाला की हो! बॉक्स ठेवून आधी काटा शून्य करायला सांगायचं, मग कुंदा. पुण्याच्या बहिणीला पाठवायला चार बॉक्स घेतो तेव्हा हा फरक शंभराला जातो.

तेलाच्या पिशवीत फसायला होतंय कारण आता सगळ्या पिशव्या सारख्या नसतात. लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम, पण शेजारीच 850, 800 ग्रॅमच्या पिशव्या टांगलेल्या असतात आणि दिसायला तेवढ्याच. समजा 910 ची 145 ला आणि 800 ची 132 ला, तर स्वस्त वाटणारी किलोला 165 पडते आणि महाग वाटणारी 159. हा हिशोब पिशवीवरच बारीक अक्षरात छापलेला असतो, ग्रॅमला किंवा मिलीला किती ते, चष्मा नेत जा.

दुधाचं पण तसंच. जून 2024 मध्ये कर्नाटकातल्या नंदिनी दूधवाल्यांनी पिशवीत 50 मिली वाढवून दोन रुपये वाढवले, मग एप्रिल 2025 ला लिटरला चार रुपये वाढवून ते 50 मिली काढून घेतले, आणि आमच्या आईला आठवडाभर कळेना की सकाळचा चहा एका कपानं कमी का पडतोय. शिवाय टोन्ड दुधात फॅट 3 टक्के आणि फुल क्रीममध्ये 6, त्यामुळं गोकुळचं फुल क्रीम संपलं म्हणून दुकानदारानं नंदिनीची निळी, टोन्डची पिशवी हातात दिली तर दही पातळ लागणार, दुकानदाराचा दोष नाही. तारीख बघायची आणि जुनी पिशवी दिली तर "हळेदु ब्याडरी, होसादु कोडरी", म्हणजे जुनं नको, नवीन द्या, म्हणायचं.

पोराला पाठवत असाल तर चिठ्ठीत नुसतं "तेल" लिहू नका, नाव, वजन, छापील किंमत लिहा आणि परत किती यायला पाहिजेत ते पण. संध्याकाळी सातच्या गर्दीत पाठवू नका, पोराला कोण विचारत नाही तिथं, साडेतीन चारला पाठवा.

उधारीची वही असेल तर दर रविवारी दुकानातच उभं राहून जुळवा, मी मोबाईलमध्ये रोजचं लिहून ठेवतो. मागच्या महिन्यात दोन ब्रेड आमच्या नावावर जास्त निघाले, आणि एक साबण त्यांचा लिहायचा राहिला होता, तो मीच सांगितला.