आखाजीच्या कैऱ्यांचा जुन्या पद्धतीचा गुळांबा

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, मान आमरस आणि खापराच्या पोळीचा. गुळांबा कामाला येतो तो पुढे, पावसाळ्यात भाजी महागली की. त्यासाठी बांधावरची गावरान, आंबट कैरी घ्या. कोय धरलेली, पण आत पिवळी न पडलेली. पाडाची, म्हणजे पिकायला लागलेली, कैरी शिजताना विरघळते. वळवाच्या वाऱ्यात झडलेल्या चालतील, फक्त मार लागलेला काळा भाग कापून त्याच दिवशी शिजवा. रेषा जास्त असतील तर फोडींऐवजी किसा.

सोललेल्या फोडी 1 किलो, गूळ 1 ते सव्वा किलो, तूप 2 चमचे, लवंगा 6, वेलदोडे 8, चिमूटभर मीठ. गूळ साधा घ्या, चिक्कीचा नको. त्याचा गुळांबा गार झाल्यावर दगड होतो.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तुपावर लवंगा टाकून फोडी परता. वर ताट ठेवून ताटात पाणी घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ काढा. फोड बोटांनी दाबली की तुटली पाहिजे. इथे घाई नडते: कच्च्या फोडींवर गूळ पडला की तो त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो, मग त्या चिवट राहतात, कितीही उकळा. लोखंडी कढई नको, कैरीच्या आंबटपणाने रस काळा पडतो. पितळेची असेल तर कल्हई शाबूत हवी.

आता चिरलेला गूळ आणि मीठ घाला. आधी सगळं पातळ होईल, घाबरू नका. मध्यम आचेवर ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटांनी थेंब ताटलीत टाका, जरा निवू द्या आणि चिमटीत धरून पाहा. एक तार आली की लगेच उतरवा. निवताना तो आणखी घट्ट होतो. वेलदोड्याची पूड शेवटी.

बरणी धुऊन दिवसभर उन्हात वाळवा, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग. गुळांबा पूर्ण निवल्यावरच भरा. गरम असताना झाकण लावलं तर वाफेचे थेंब आत पडतात आणि बुरशी तिथूनच धरते. तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, बांधा, चमचा कोरडा ठेवा.

फार घट्ट झाला तर पाव वाटी उकळतं पाणी घालून एक उकळी द्या. पातळ राहिला तर त्याच दिवशी परत आटवा. फेस आला, आंबूस वास सुटला किंवा बुरशी दिसली, तर वरचा थर काढून भागत नाही, सगळा टाकून द्या.