समुद्रावर कथकचं फोटोशूट: आधी पायाखालचं बघा

विशारद झाल्यावर महोत्सवांना अर्ज पाठवायला लागले, तेव्हा कळलं की सगळीकडे चांगले फोटो मागतात. माझ्याकडे होते ते गॅदरिंगचे, मागे अर्धवट सुटलेला बॅनर असलेले. घर रत्नागिरीत, समुद्र दहा मिनिटांवर. म्हटलं, पहाटे भाट्याला जाऊ. मागे समुद्र, बाजूला सुरूचं बन, आणखी काय हवं?

सहाला पोचलो तर पाणी पार वरपर्यंत आलेलं. उरली होती ती फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू. कथकची चकरी, म्हणजे गिरकी, टाचेवर फिरते. दुसऱ्याच चकरीला टाचेनं खड्डा केला, तिसरीला मी बसले. फोटोग्राफर दादाने तोही फोटो काढला. जाळं आवरणारे एक मामा मघापासून बघत होते. म्हणाले, "बाय, आज अष्टमी. सहाला पाणी भरणारच."

हे गणित समुद्रावरच्या माणसांना तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहालाही भरती, नेमकी आपल्याला हव्या त्या दोन्ही वेळांना. तेव्हा तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरवरची तिथी बघा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे साडेसातच्या आसपास. जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, भरतीचं अचूक वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते एकदा ताडून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ पाणी मागेही खूप हटतं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. आपलं स्टेज ते. वर पाण्याचा पातळ थर असेल तर घेराचं प्रतिबिंबही मिळतं, फुकटात.

आम्ही पुढचं शूट द्वितीयेला ठेवलं आणि पाच चकरींचा तुकडा निघाला. तरीही घरच्या लादीवरचा वेग तिथे येत नाही, हे धरून चाला. आधी एकदा साध्या कपड्यांत जाऊन त्याच वाळूवर नाचून बघा आणि जे जमत नाही ते यादीतून काढून टाका. मी जलद लयीचं जवळजवळ सगळं काढलं आणि गत-निकास (डौलदार चाल), ठाट (सुरुवातीची स्थिर, ऐटदार मुद्रा), घुंघटाची गत असं संथ ठेवलं. फोटोत तेच जास्त चांगलं दिसलं.

खडकांचा मोह आरे-वारेला गेलं की होतोच. ओल्या खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. तिथे उभं राहून किंवा बसून भाव दाखवा, पदन्यास नको. सड्यावरचा, म्हणजे कातळ-पठारावरचा, जांभा दगड तर नऊनंतर तव्यासारखा तापतो. चप्पल घालून जागेवर जायचं आणि फोटोपुरती काढायची. किल्ल्यावर किंवा देवळात करायचं असेल तर परवानगी आधी घ्या. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारखे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, देवळाचं विश्वस्तांना विचारावं लागतं.

प्रकाशाचं सोपं आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी जमिनीकडे तोंड केलं की ऊन चेहऱ्यावर आणि समुद्र पाठीशी. संध्याकाळी उलटं: सूर्य मागे, चेहरा काळा. सावलीसारखी नुसती काळी आकृती हवी असेल तर संध्याकाळ उत्तम, पण अर्जासाठी चेहरा दिसावा लागतो. सकाळचा वारा जमिनीवरून येतो आणि मंद असतो, दुपारनंतरचा खारा वारा ओढणी थेट तोंडावर आणतो. ओढणीला घरी लावता त्याच्या दुप्पट पिना लावा.

आता खरी गंमत. वाळूत घुंगरू नीट वाजतच नाहीत. तबला नाही, लेहरा (तालासोबत फिरत राहणारी सुरावट) नाही, आणि दादाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे तुकडा संपवून आम्ही थांबतो, ती कुठे येते ते माहीत नाही. तो मी थांबलेली बघून बटण दाबायचा, तोवर हात खाली यायला लागलेले असायचे. पहिल्या दिवशीच्या दोनशेएक फोटोंत मी सतत काहीतरी संपवून दमल्यासारखी दिसते. दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायला लावल्या. तो वैतागला, पण मोजल्या. तिहाईत तोच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचा 'धा' समेवर पडतो; दोनदा नुसतं ऐक, तिसऱ्या वेळी त्या 'धा'च्या किंचित आधी बटण दाब, एवढंच सांगितलं. किनाऱ्यावर माझी धाकटी बहीण मोठ्याने पढंत करत होती, म्हणजे तोंडाने बोल म्हणत होती. सेकंदाच्या पाचशेव्या-हजाराव्या भागावर शटर ठेवून त्याने सम पकडली आणि माझ्याआधी तोच ओरडला. घेर धूसर फिरताना हवा असेल तेव्हा शटर तिसाव्या भागापर्यंत खाली आणलं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, आणि क्षितिजाची रेघ मानेतून जाणार नाही एवढं त्याला दोनदा बजावावं लागलं.

कपड्यांत मी पांढरा अंगरखा नेला होता, तो सकाळच्या करड्या पाण्यापुढे विरून गेला. शिवाय आईने दिलेलं कोकम सरबत त्याच्यावर सांडलं, तो डाग अजून आहे. कुंकवासारखा लाल किंवा हळदी रंग घ्या. जांभ्यापुढे मात्र लाल नको, तिथे पोपटी. रंगमंचावरचा मेकअप उन्हात मुखवट्यासारखा दिसतो, निम्मा करा. कपडे बदलायला जवळचं ओळखीचं घर ठरवून ठेवा. आणि बघे येणारच. "कुठल्या सिरियलचं शूटिंग?" याला एकच उत्तर ठरवून ठेवा.

फोटो किती मिळणार, कुठे वापरता येणार, हे फोटोग्राफरशी आधी लिहून घ्या, ओळखीचा असला तरी.

घरी आल्यावर अंघोळीच्या आधी घुंगरू गोड्या पाण्यात बुचकळा, वाळू झटका, फडक्याने पुसून पंख्याखाली पसरा, नाहीतर पितळ काळवंडतं. दोरी पूर्ण सुकल्याशिवाय क्लासला बांधू नका. खारट ओली दोरी घोटा सोलून काढते.