खिडकीच्या ग्रिलमधली लवंगी मिरची

मुंबईत मिरचीचं बी पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी पेरा. जूनमध्ये पेरलेली रोपं सततच्या ओलीने मुळापाशी कुजतात. चार-सहा पानं आली की 10-12 इंची कुंडीत एकच रोप लावा. मी हावरटपणे दोन लावली होती, दोन्ही लुकडी राहिली. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. समोर टॉवर उभा असेल तर मिरचीचा नाद सोडा, पुदिना लावा.

फुलं येतात आणि गळतात, ही नेहमीची रड. पारा 35 अंशांच्या वर गेला किंवा मातीत नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की असं होतं. म्हणून युरिया नको, महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. मार्चनंतर दुपारी हिरवी जाळी बांधा. वारा नसेल तर सकाळी फुलांच्या फांदीला हलकी टिचकी मारा, म्हणजे पराग झडून फळ धरेल.

पानं आकसून वर वळली तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळली तर कोळी (माइट) ही बारीक कीड. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा.

आणि झणझणीत मिरची हवी असेल तर फळं धरल्यावर पाण्याचा हात जरा आखडता घ्या. वरची माती इंचभर सुकली की मगच पाणी. तोडताना डोळ्यांना हात नको. जाळ बियांत नसतो, बिया चिकटलेल्या पांढऱ्या शिरेत असतो. हात आधी खोबरेल तेलाने चोळा, मग साबणाने धुवा.