गार्डशिवाय मशीन चालवायला नकार, आणि कंपनी म्हणते 'स्वतःहून काम सोडलं'

2022 ची गोष्ट. पॉवर प्रेसचं (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षक कवच, काढून काम करायला मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं आणि नंतर पत्र आलं: 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात.' एचआरला फोन, साहेबांच्या भेटी, सगळं पाण्यात. नुसता मनस्ताप.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह उत्तर पाठवलं: 'मी काम सोडलेलं नाही, गार्डशिवाय मशीन चालवायला नकार दिल्याने मला अडवलं, आजही हजर व्हायला तयार आहे.' हे शेवटचं वाक्य गाळू नका, गैरहजेरीचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. मग त्याची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि सुपरवायझरचा 'गार्ड काढ' हा मेसेज जोडून कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे (मालक आणि कामगारात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज. यंत्राला संरक्षक कठडा हवाच, हे कारखाने अधिनियम 1948 चं कलम 21 त्यात लिहिलं. 45 दिवसांत तोडगा निघाला नसता तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 2अ खाली थेट कामगार न्यायालयात जाता आलं असतं. तशी वेळ आली नाही, मागच्या पगारासह परत कामावर घेतलं.

तोंडी 'उद्यापासून या' वर अर्ज मागे घेऊ नका, अधिकाऱ्यासमोर लेखी सह्या घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, त्यामुळे कलमं आणि मुदती नव्याने तपासा.