ट्रायलचा फॉर्म हातात आलाय? सही करायच्या आधी एवढं बघा

डॉक्टर तपासता तपासता म्हणतात, एका नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, औषध-तपासण्या सगळं फुकट, येता का? आणि केबिनच्या बाहेर कोऑर्डिनेटर पंधरा-वीस पानांचा संमतीचा फॉर्म घेऊन उभी असते. ती उभी असणारी मी. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून मनापासून सांगते, त्या दिवशी सही करू नका. फॉर्म घरी न्या, जेवणं झाल्यावर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, जिथे अडेल तिथे पेनाने खूण करा आणि दोन दिवसांनी त्या खुणा घेऊन परत या. (हार्ट अटॅक, स्ट्रोकच्या ट्रायल वेगळ्या, तिथे वेळच नसतो.) कुणी "आत्ताच सही करा, जागा संपतील" म्हणत असेल तर सरळ उठून या. आणि फॉर्म मराठीतच मागायचा, इंग्रजी येत असलं तरी, कारण आजारपणात माणूस आपल्या भाषेतच नीट विचार करतो.

आधी एक गोष्ट पक्की करा, ट्रायल म्हणजे नेहमीची ट्रीटमेंट नाही. औषध चालतं का, किती चालतं, काय त्रास होतो हे अजून शोधायचं चाललंय आणि त्या शोधात तुम्ही मदत करताय. बऱ्याच ट्रायलमध्ये नवीन औषध कुणाला आणि जुनं औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, कुणाला हे कॉम्प्युटर ठरवतो. डबल ब्लाइंड असेल तर डॉक्टरांनाही माहीत नसतं, इमर्जन्सी आली तर कुणाला काय दिलंय याचा कोड उघडून बघता येतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, "माझ्या आत्ताच्या गोळ्या चालू राहणार की बंद करायच्या?" शुगर-बीपीवाल्यांनी तर विचारायचाच, कारण काही ट्रायलमध्ये सुरुवातीला चालू औषध काही दिवस थांबवतात. आणि दुसरा प्रश्न, "मी ट्रायलमध्ये आलो नाही तर माझ्यासाठी काय उपचार आहे?" याचं उत्तर फॉर्ममध्येही लिहिलेलं असायला हवं. फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा, कितवा तेही विचारा. फेज १ मध्ये थोड्या लोकांवर मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघतात, फेज ३ मध्ये शेकडो-हजारो लोक असतात आणि आधीच्या फेजची माहिती हाताशी असते, फेज ४ म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरची.

मग मोबाइलवर सीटीआरआय शोधा. ही ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे. कोऑर्डिनेटरकडून नंबर घ्या, त्यात सीटीआरआयच्या पुढे वर्ष, महिना आणि क्रमांक असतो, तो टाकला की कोणतं औषध, किती पेशंट, पैसा कुणाचा, कुठली कुठली हॉस्पिटलं सगळं दिसतं. तुमचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का बघा, नसेल तर का नाही ते विचारा.

आता फॉर्म. सगळ्यात जास्त लोक अडतात ते नॉमिनीच्या रकान्याला. जुन्नरकडचे एक काका तो रकाना बघून उठूनच गेले, "म्हणजे मी मरणार असं तुम्हीच धरून चाललाय की." तसं नाहीये हो. ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाच्या हातात द्यायची हे आधीच लिहून घ्यावं लागतं, शिक्षण, काम, वार्षिक उत्पन्नही त्याच फॉर्ममध्ये विचारतात. हा रकाना तुमच्या बाजूचा आहे, रिकामा सोडू नका. ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, गरज असेपर्यंत किंवा ती इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत. इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी, आणि भरपाईचं कारण फक्त नवीन औषधच असतं असं नाही, ट्रायलसाठी केलेल्या एखाद्या तपासणीने इजा झाली, किंवा चांगला उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लासिबो दिला आणि त्याने नुकसान झालं, तरी हक्क आहे. हे सगळं फॉर्ममध्ये कुठल्या पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

रक्त किती काढणार तेही बघा. मिलीमध्ये लिहिलेलं कळत नाही, ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा धरा आणि सगळ्या व्हिजिटचे चमचे मोजा. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवणार का, याची परवानगी बऱ्याचदा वेगळी मागतात, तिथे नाही म्हणता येतं. प्रवासखर्च व्हिजिटला मिळणार की शेवटी, हेही आत्ताच विचारा, गावाहून येणाऱ्याला त्याने फार फरक पडतो.

वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, तो सगळं ऐकतो आणि मग सही करतो. काही ट्रायलमध्ये संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करतात, घाबरू नका, तुम्हाला नीट समजावलं की नाही याचा तो पुरावा असतो. आणि सही म्हणजे बाँड नव्हे. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यावरून तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त एकदम गोळ्या टाकून घरी बसू नका, फोन करून सांगा, काही औषधं हळूहळूच बंद करावी लागतात.

ट्रायलमध्ये गेलात की काढा, चूर्ण, मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, काहीही घेतलंत तरी सांगायचं, कोणी ओरडणार नाही. डोस चुकला तर चुकला म्हणा, रिकामी पाकिटं परत आणा. आमच्या एका आजींना उलट्या सुरू झाल्या, त्यांनी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन आठ दिवस काढले, आम्हाला पत्ताच नाही, कारण फॉर्मची कॉपी कपाटात आणि आमचा नंबर त्या कॉपीवर. गंभीर त्रास झाला, ॲडमिट व्हावं लागलं, तर आमच्या डॉक्टरांना २४ तासांत ते वर कळवावं लागतं, पण आम्हालाच कळलं नाही तर आम्ही काय कळवणार? त्या आजी बऱ्या झाल्या, मला मात्र ते आठ दिवस अजून आठवतात.

म्हणून तुमची आणि डॉक्टरांची अशा दोन्ही सह्या असलेली कॉपी मागून घ्या, ती देणं बंधनकारक आहे. त्यावर डॉक्टरांचा नंबर असतो आणि एथिक्स कमिटीचाही, म्हणजे ट्रायलमधल्या लोकांच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा. कमिटीत किमान सात जण असतात, त्यात एक बाहेरचा सामान्य माणूस आणि एक कायद्याचा जाणकारही, डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर तिथे बोलायचं. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देव्हाऱ्याशेजारी नाहीतर फ्रिजवर चिकटवा, म्हणजे रात्री त्रास झाला तर नातवालाही फोन लावता येईल.