पत्ते जबर, पण बोलायची पाळी आधी: पोकरमध्ये काय करावे

परभणी-हिंगोलीकडे आखाड्यावर तिर्रट (तीन पत्ती) खेळून तयार झालेला गडी पोकरला बसला की एक गोष्ट हमखास करतो: जबर पत्ते आले की दडवून ठेवतो. तिर्रटमध्ये ते खपून जातं, कारण हातातली ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) शेवटपर्यंत ट्रेलच राहते. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे हवं तेवढं लावता येणाऱ्या पोकरमध्ये, हातात दोनच पत्ते, आणि मधले पाच सगळ्यांचे: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा. एक्क्यांची जोडी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध शंभरात 85 डाव जिंकते. पाच जणांना स्वस्तात आत येऊ दिलं, तर निम्म्यावर येते. त्यात तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर (पत्ते बघण्याआधीच छोटी सक्तीची रक्कम भरायची जागा) असाल तर फ्लॉपपासून दर फेरीला आधी तुम्हीच बोलायचं, म्हणजे चाल ठरवायची; बाकीचे तुमचं बघून ठरवणार.

पैसे मात्र लावू नका. जुगारबंदीचा 1887 चा कायदा आहेच, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले. चिंचोके घ्या. चिंचा फोडायच्या दिवसांत त्यांना तोटा नसतो. प्रत्येकी 200, स्मॉल ब्लाइंड 1 आणि त्याच्या पुढच्याचा बिग ब्लाइंड 2.

1. हात खरंच जबर आहे का ते बघा. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा. एवढंच. एक्का-गुलाम किंवा राजा-राणी वेगवेगळ्या रंगांचे असतील तर नऊ जणांच्या बैठकीत पहिल्या जागेवरून (बिग ब्लाइंडच्या लगेच पुढची) सरळ टाकून द्या. एक्का लागला तरी समोरच्याकडे एक्का-राजा निघतो आणि जास्त चिंचोके तेव्हाच जातात.

2. फ्लॉपच्या आधीच पॉट (मधे जमलेली रक्कम) फुगवा. समजा एकाने 6 केले, दुसऱ्याने कॉल केला (तेवढेच भरले) आणि स्मॉल ब्लाइंडवर तुमच्याकडे राण्यांची जोडी आहे. नुसता कॉल नको, 18 देखील नको, 30 करा. शेवटी बोलणारा असाल तर तिप्पट पुरते, आधी बोलणाऱ्याने चौपट करावी, आणि मधल्या प्रत्येक कॉलमागे मूळचे तेवढेच (इथे 6) आणखी वाढवावेत. समोरच्याला मागे बसायचा फायदा मिळतोय, त्याचं भाडं आगाऊ वसूल करायचं.

3. फ्लॉप पडला की आधी हिशेब, मग चाल. पहिल्याने कॉल केला, दुसऱ्याने पत्ते टाकले. पॉटमध्ये 30 आणि 30, सोडून गेलेल्याचे 6, बिग ब्लाइंडचे 2, म्हणजे 68. तुमच्यापुढे 170 उरले.

फ्लॉप 9-5-2 आला तर 34 लावा. कॉल झाला की पॉट 136 आणि तुमच्यापुढेही 136च. टर्नला राजा किंवा एक्का आला नाही तर उरलेले सगळे चिंचोके आत.

फ्लॉप राजा-7-2 आला तर चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे. यात नशिबाला शिव्या घालण्यासारखं काही नाही. हातात राण्या असताना फ्लॉपवर राजा किंवा एक्का 41 टक्के वेळा दिसतोच. त्याने 25 लावले तर एकदा कॉल करा. टर्नला पुन्हा चेक, आणि त्याने पुन्हा मोठी रक्कम लावली की पत्ते टाका. तिर्रटवाल्याचा हात इथेच अडतो. "एवढे घातलेत, आता शो बघूच," म्हणतो आणि उरलेले 145 पण घालवून बसतो.

एक्का-राजा असेल तर फ्लॉपवर तीनातले दोन वेळा जोडीसुद्धा लागत नाही. समोर एकच गडी आणि फ्लॉप कोरडा (एकमेकांशी न जुळणारे पत्ते) असेल तर पॉटचा तिसरा हिस्सा एकदा लावून बघा. दोघं-तिघं असतील तर चेक करा आणि कोणी लावलं तर सोडा.

4. दडवायचं असेलच तर माणूस बघून. काही गडी समोरून चेक आला की काहीतरी लावल्याशिवाय राहतच नाहीत. असा असेल तर राण्या घेऊन 9-5-2 वरही चेक करा. त्याने 30 लावले की सगळे 170 पुढे सरकवा. गप्प बसून पुढचा पत्ता बघणाऱ्यासमोर मात्र हे करू नका, त्याला राजा किंवा एक्का फुकटात दाखवून बसाल.